बिल्ला नंबर सदतीस

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात एकोणीस कलमांची एक यादी असायची. फॅक्टरी इन्स्पेक्टरांची जीप होटगी रस्त्याला वळली असा निरोप आला, की मी ती यादी आणि लाल पेन्सिल घेऊन निघायचे. भिंतीवर चुना दिल्याची तारीख रंगवली आहे का. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेज शिल्लक आहे, का पुन्हा कुणी ते सुताचा गठ्ठा बांधायला नेलं. आगीच्या बादल्यांत पाणी आहे, का त्यात कुणी जेवणाचे डबे विसळले. माठावर ‘पिण्याचे पाणी’ हे मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही लिपींत दिसतंय का. पंचवीस मिनिटांत एकोणीस खुणा व्हायच्या आणि साहेब गेटात उतरेपर्यंत मी खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक काढत असायचे.

सोलापूरच्या बाहेर असलेल्या चादरी आणि टॉवेलांच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं टाइमकीपर होते. टाइमकीपर म्हणजे घड्याळाकडे बघत बसणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. खरं काम रजिस्टरांचं. हजेरीचं मस्टर, रजेचं रजिस्टर, अपघातांचं, जादा तासांचं, पाळणाघराचं. मालक चादरी विकायचा, पण कायद्यापुढे त्याची अब्रू माझ्या रजिस्टरांत असायची. एखादा रकाना रिकामा राहिला तरी तो गुन्हा, आणि भलतं भरलं तरी तो गुन्हाच. मी रकाना रिकामा ठेवत नसे. भलतं भरत नाही, असाही माझा समज होता. तो कसा मोडला ते सांगायला बसले आहे.

आधी बिल्ल्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला दिलेला असे. संध्याकाळी तो घरी न्यायचा, सकाळी माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवायचा. माझ्या पाठीमागे एक काळी फळी होती, तिच्यावर नंबरवार खिळे. बिल्ला आला की मी तो त्याच्या खिळ्याला अडकवायचे. साडेसातला खिडकी बंद, आणि फळीकडे बघत मस्टर भरायचं. बिल्ला आहे, हजर. खिळा रिकामा, खाडा.

पहिल्या वर्षी मी माणसांची तोंडं बघून हजेरी मांडत होते. तोंडं वाद घालतात. “अक्का, दोनच मिन्टं झाली की.” “अक्का, पोरगं आजारी हाय.” दुसऱ्या वर्षापासून मी नियम केला, माणूस बघायचा नाही, बिल्ला बघायचा. वाद संपले. मालक खूश झाले. त्या भरात मी आणखी एक गोष्ट सुचवली. वर्षभरात एकही खाडा नसेल त्या कामगाराला खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेनंतर, स्टीलचा डबा द्यायचा. कडीचा, झाकणाचा. ही कल्पना माझी, हे मुद्दाम नोंदवते.

आमच्या कांडीखात्यात सगळ्या बायका. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची छोटी नळी. ती यंत्रावर भरायची आणि मागावाल्याला पोचवायची. बहुतेक बायका विणकर घरांतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मी अक्कलकोटकडची, माझं माहेर कन्नड. त्यामुळे आमच्यात मराठी ही दोन्ही बाजूंना बाहेरची, आणि म्हणून बरी चालायची. मला त्या ‘अक्का’ म्हणत. दोन्हीकडे ते चालतं.

राजव्वा त्यांतली एक, बिल्ला नंबर सदतीस. हात फार चलाख, तोंड त्याहून. तिच्या धाकट्या दिराची बायको भूदेवी. एकाच खोलीत दोघींचा संसार, एकच चूल. भूदेवी कारखान्यात नव्हती, घरी विड्या वळायची.

त्या वर्षी खंडेनवमीला राजव्वाला दिवस भरत आले होते. पूजेच्या वेळी ती भिंतीला टेकून उभी होती. मी ऑफिसातली खुर्ची नेऊन तिला दिली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सातला दोन मिनिटं कमी असताना खिडकीच्या फळीवर सदतीस नंबर पडला. ठेवणारा हात बारीक होता, तंबाखूने पिवळा झालेला. मी बिल्ला उचलला, खिळ्याला अडकवला, मस्टरमध्ये खूण केली.

एवढंच झालं, असं मी पुढे लिहून दिलं.

दीड महिना भूदेवी सदतीस नंबरवर कांड्या भरत होती. मग एक दिवस राजव्वा स्वतः आली, कडेवर तान्ही. “पाळनाघरात ठिवायची का अक्का हिला?” मी रजिस्टर काढलं. मुलीचं नाव, आईचा नंबर, जन्मतारीख. तारीख तिला ठाऊक नव्हती. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, कोंबडं आरवायच्या वक्ताला.” मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिली. रकाना रिकामा ठेवायचा नाही ना.

आता बाहेरच्या वाचकाला वाटेल, ही तर सरळ लबाडी. तिथे तशी ती नव्हती. या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता, आणि माग माणसाचा नसतो, घराचा असतो. सासू भाकरीला उठली की सून बसते. सून पोराला घ्यायला उठली की जाऊ बसते. माग थांबत नाही, आणि संध्याकाळी लुगडं उतरलं की ते कुणी विणलं असं कुणी विचारत नाही. तीच माणसं कारखान्यात आली तेव्हा त्यांनी बिल्लाही घराचा मानला. बाई बाळंत झाली की जाऊ किंवा नणंद तिचा बिल्ला घेऊन यायची. ‘बिल्ला चालू ठेवायचा’ असं त्या म्हणत. बंद पडला तर जागा जाईल, ही भीती. ती भीती खोटीही नव्हती. त्यातल्या दोघी-तिघी पूर्वी दुसरीकडे अशाच जागा गमावून आमच्याकडे आल्या होत्या.

आणि कायदा काय म्हणतो? कायदा म्हणतो, बाळंतपणाची बारा आठवडे भरपगारी रजा. त्या काळात नोकरीवरून काढायचं नाही. आणि बाळंत झाल्यापासून सहा आठवडे त्या बाईला मालकाने कामावर घेतलं, तर तो मालकाचा गुन्हा. सरकारी विमा योजना आमच्या भागाला अजून लागू नव्हती, म्हणून ही सगळी जबाबदारी थेट मालकावर. या कायद्याचा सारांश ‘त्या भागातील भाषेत’ ठळक जागी लावायचा असतो. मी तो मराठीत टाइप करून, काचेच्या चौकटीत घालून, कांडीखात्याच्या दाराशी लावला होता. यादीतलं अकरावं कलम. खूण: लावला.

माझी धाकटी झाली तेव्हा मीही त्याच कायद्याने बारा आठवडे घरी होते. अर्ज, दाखला, सगळं रीतसर.

इन्स्पेक्टर आले ते संक्रांतीनंतर. नवे होते, सावकाश बोलणारे, आणि एक वाईट खोड असलेले: ते वाचायचे. आधीचे साहेब सही करून चहा पीत. हे चहा घ्यायला पाळणाघरात बसले, कारण पंखा तिथे चांगला होता, आणि हाताशी होतं म्हणून पाळणाघराचं रजिस्टर चाळू लागले. मी दाराशी उभी होते, एकोणीसच्या एकोणीस खुणा झालेली यादी पदराखाली धरून.

“अक्षर छान आहे तुमचं, बाई.”

“हो, साहेब.”

“जन्मतारखाही लिहिता. बरेच लोक लिहीत नाहीत. जरा मस्टर आणता का, त्या महिन्याचं?”

मस्टर आणलं. त्यांनी एक बोट या रजिस्टरावर ठेवलं, दुसरं त्या.

“ही सदतीस नंबरची बाई. पहाटे बाळंत झाली. आणि सात वाजता कामावर हजर?”

मी यादी पदराखाली आणखी आत सरकवली.

“दुसऱ्या दिवशीही हजर. आठवडाभर हजर. एक खाडा नाही.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “फार कष्टाळू बाई दिसते.”

दोन्ही रजिस्टरं माझी. दोन्हींतली अक्षरं माझी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, एखादा रकाना रिकामा सोडला असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी खुलासा मागितला, पंधरा दिवसांत. ते गेल्यावर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक स्वतः विणकराच्या घरचे, दोन मागांवरून वर आलेले. ओरडायचे नाहीत. टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत बोलायचे.

“बाई, दोन वाटा आहेत. एक, मी ओल्या बाळंतिणीला राबवलं. दोन, त्या बाईनं दुसरीला आपल्या नावावर बसवून मला फसवलं. पहिली मी कबूल करू का?”

“पहिली खरी नाही, मालक. राजव्वा घरीच होती.”

“मग दुसरी. कारखान्याच्या स्थायी आदेशात आहे की तोतयेगिरी. चार्जशीट द्या, चौकशी लावा, काढून टाकू. इन्स्पेक्टरला कागद दाखवू.”

“मालक, या सगळ्या घरांमध्ये तसंच चालतं. तुम्हाला ठाऊक आहे.”

पेपरवेट थांबला. “माझी आई उठली की काकू बसायची मागावर. मला कशाला सांगता? पण इन्स्पेक्टरला माझी काकू सांगू का?” पेपरवेट पुन्हा फिरवत ते म्हणाले, “तुमच्या सह्या आहेत प्रत्येक पानावर. तुम्हीसुद्धा फसलात, खरं ना?”

“मी बिल्ला बघते, मालक. माणूस बघत नाही.”

“तेच. तेच लिहून द्या.”

मी लिहून दिलं. अक्षर छान होतं.

चार्जशीटही मीच टाइप केली, कारण टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं. ती कामगाराच्या हातात द्यायची, मजकूर समजावून सांगायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, असा नियम. मी कांडीखात्यात गेले. राजव्वाने यंत्र न थांबवता एका हाताने कागद घेतला, उलटा धरला, मला परत दिला.

“काय लिवलंय अक्का?”

“तू आपल्या नावावर दुसऱ्या बाईला कामाला बसवलंस, असं लिहिलंय. मालकाला फसवलंस.”

“दुसरी बाई कोन?”

“भूदेवी.”

ती हसली. “भूदेवी दुसरी बाई कशी व्हईल? एका चुलीवरच्या हाय आमी.”

“कायद्यानं दुसरी.”

“मग कायद्याला इचारा की, कांडी कमी भरली का तिनं? सूत तुटलं का?”

“राजव्वा, तुला रजा होती. बारा आठवडे, भरपगारी. जागा कुणी घेतली नसती. त्या दाराजवळ कागद लावलाय.”

तिने दाराकडे बघितलं. शेजारच्या दोघींनीही बघितलं. “त्यो व्हय? त्याला काच हाय की वर. आमाला वाटलं, मालकाचा लायसनचा कागद हाय.”

“तुम्ही विचारायचं तरी.”

“तुमी गेलावता की रजेवर, धाकटीच्या वक्ताला. ते हापिसातल्या बायकांचं असतंय, असं वाटलं आमाला.” मग यंत्र थांबवून तिने अंगठा पुढे केला. शाई लावताना हळूच म्हणाली, “जागा जातीय का अक्का? घरातला ह्योच एक पक्का बिल्ला हाय.”

“चौकशी होईल. तुलाही बोलता येईल,” मी म्हटलं. उत्तर म्हणून हे काहीच नव्हतं.

माठावर मी तेलुगूत लिहून घेतलं होतं, कारण पाण्याच्या कलमात तसं लिहिलं आहे: बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. बाळंतपणाच्या कलमात लिहिलं आहे, त्या भागातील भाषेत. मी दोन्ही कलमं अक्षरशः पाळली होती.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. रविवारी मी मागच्या तीन वर्षांची मस्टरं घरी आणली आणि पाळणाघराच्या रजिस्टराशी ताडून बघायला लागले. चहा दोनदा गार झाला. राजव्वा एकटी नव्हती. आणखी सात जन्मतारखा निघाल्या, आणि सातही ठिकाणी सहा आठवड्यांच्या आतच आईच्या नंबरापुढे हजेरीची खूण. सगळ्या खुणा सारख्या, एका उंचीच्या, एका तिरकसपणाच्या. सहा ठिकाणी मला आठवत होतं, बिल्ला आणणारी नणंद होती, बहीण होती, एकीची तर आई होती. सातवं नाव यल्लव्वाचं. बिल्ला नंबर बारा. तिच्यापुढे आठ दिवस खाडा आणि नवव्या दिवसापासून खूण. तिचा बिल्ला कोण आणत होतं ते मात्र आठवेना.

आठ खाडे. मग तिला डबा कसा मिळाला? तेव्हा आठवलं. खंडेनवमीच्या तोंडावर ती रडत खिडकीशी आली होती आणि मी ते आठ दिवस किरकोळ रजेत बसवले होते, तिचा डबा जाऊ नये म्हणून. मला तेव्हा माझं फार कौतुक वाटलं होतं. यंदाच्या खंडेनवमीला, राजव्वा खुर्चीवर बसली होती त्याच दिवशी, टाळ्यांच्या गजरात यल्लव्वाने डबा घेतला होता.

सोमवारी मी तिच्या यंत्रापाशी गेले. “यल्लव्वा, तुझा धाकटा झाला तेव्हा नवव्या दिवसापासून कामावर कोण येत होतं?”

“मीच की.”

“तूच?”

“मग कोन येनार अक्का? माज्या घरात हाय कोन?” कांडी बदलता बदलता ती म्हणाली, “आठ दिस तुमीच तर दिलावता. लई उपकार झाले. डबा चांगला हाय अक्का, पीठ ठिवते त्याच्यात. मुंग्या लागत न्हाईत.”

मालकांनी जो गुन्हा राजव्वाच्या बाबतीत केलाच नव्हता, तो यल्लव्वाच्या बाबतीत खरोखर घडला होता. मस्टर दोघींबद्दल एकच सांगत होतं. बिल्ल्याला काही कळत नाही. कळायचं काम माझं होतं.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. ही कोर्टासारखीच असते, फक्त आपल्याच ऑफिसात भरते. चौकशी अधिकारी म्हणून मालकांनी सोलापुरातल्या सात रस्त्यावरचे एक वकील बोलावले होते, बाहेरचा माणूस असलेला बरा म्हणून. ते प्रत्येक प्रश्न आणि उत्तर स्वतः लिहून घेत, फाउंटन पेनने, आणि वाक्य पुरं झाल्याशिवाय वर बघत नसत. एका बाजूला मालक, समोरच्या स्टुलावर राजव्वा. भूदेवी बाहेर पायरीवर. आणि मालकांच्या बाजूची एकमेव साक्षीदार मी.

माझा लेखी जबाब वाचून झाला. बिल्ला पाहिला, व्यक्ती पाहिली नाही. वकिलांनी विचारलं, “हे बरोबर आहे?” मी म्हटलं, “हो.”

“आता आरोपी कामगारास साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा अधिकार आहे,” ते राजव्वाला म्हणाले. ती माझ्याकडे बघायला लागली. वकीलसाहेबांचं मराठी तिला कळलं नव्हतं. ते सोपं करून सांगायचं कामही माझंच.

“मी जे सांगितलं, त्याच्यावर तुला मला प्रश्न विचारता येतात, राजव्वा.”

“तुमाला?”

“मला. आणि मला उत्तर द्यावं लागेल.”

एवढ्यात पाळणाघरातून रडणं ऐकू आलं. राजव्वा उठून उभी राहिली, मग थबकली. मी वकिलांना म्हटलं, “साहेब, अंगावर पाजण्यासाठी सुट्टी द्यावी लागते. कायद्यात आहे. पंधरा मिनिटं.” त्यांनी पेनला टोपण घातलं.

ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात. वकील खिडकीतून बाहेर बघत होते. मालक माझ्या टेबलाशी आले, बिल्ल्यांच्या फळीकडे बघत हळू म्हणाले, “झालं आता. ती काय विचारणार? दोन मिनिटांत आटपेल.” मी फळीवरचा एक बिल्ला सरळ केला. मग दुसरा. बारा नंबरचा सरळच होता, तरी हात लावला.

राजव्वा परत आली, पदर सारखा करत स्टुलावर बसली.

“एकच इचारायचं हाय. अक्का, भूदेवी पैल्या दिशी बिल्ला घिऊन आली, तवा तुमी तिला काय इचारलं?”

वकील लिहू लागले. प्रश्न लिहून झाला. पेन उत्तरासाठी थांबलं.

त्या सकाळी खिडकीशी भूदेवी आणि मी, दोघीच होतो. मागचा माणूस अजून गेटात यायचा होता. ‘काही नाही’ एवढं म्हटलं असतं तरी ते कुणाला खोडता आलं नसतं. राजव्वा सुटली असती, म्हणजे नोकरीतून सुटली असती. भूदेवी विड्यांकडे गेली असती. आणि माझ्या सगळ्या खुणा जागच्या जागी राहिल्या असत्या, तिरकस, सारख्या.

“मी विचारलं,” मी म्हटलं, “मुलगा की मुलगी.”

पेन हललं नाही. वकिलांनी पहिल्यांदाच वाक्य पुरं न करता वर बघितलं.

“पुढे?”

“ती म्हणाली, मुलगी. मी विचारलं, राजव्वा बरी आहे ना. ती म्हणाली, बरी हाय. मग मी बिल्ला खिळ्याला लावला.”

“म्हणजे बाई, आपल्याला माहीत होतं.”

“होतं.”

“पहिल्या दिवसापासून.”

“हो. याआधीच्या सहा जणींचंही माहीत होतं. यादी माझ्याकडे आहे.” थांबणार होते, पण थांबता आलं नाही. “सातवीचं माहीत नव्हतं. ती स्वतः येत होती.”

मालकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला. राजव्वा स्टुलावरून उठली आणि मला म्हणाली, “जाऊ का यंत्रावर? कांड्या संपल्या असतील मागावाल्याच्या.”

वकिलांचा अहवाल चार ओळींचा आला. कारखान्याच्या टाइमकीपरलाच ठाऊक होतं, तेव्हा फसवणूक सिद्ध होत नाही. राजव्वाची जागा राहिली. इन्स्पेक्टरांकडे मी सात जणींची यादी मालकांच्या सहीनेच पाठवली. सही करताना ते यल्लव्वाच्या नावापाशी बराच वेळ थांबले. खोटं मस्टर ठेवल्याबद्दल त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. दंड किरकोळ झाला, पण जो माणूस आयुष्यात कोर्टाची पायरी चढला नव्हता त्याला ती माझ्या अक्षरामुळे चढावी लागली. यल्लव्वाला आणि बाकीच्यांना रजेचं राहिलेलं सगळं मिळालं. नऊ दिवसांच्या ओल्या अंगाने भरलेल्या कांड्या मात्र कशानेच परत होत नाहीत.

त्यानंतर एक दिवस मालक म्हणाले, “बाई, एक मेमो टाइप करा.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

केला. ‘कर्तव्यात गंभीर कसूर, लेखी ताकीद.’ जावक नंबर घातला, मालकांची सही घेतली, मिळाल्याची सही स्वतः केली, फाइलला लावला. तो मेमो माझ्या हातचा सगळ्यांत बिनचूक कागद आहे.

खंडेनवमीचा डबा बंद झाला. यादीत विसावं कलम आलं: कायदा वाचून दाखवला का, कुणी, कोणत्या भाषेत. तेलुगूत सांगायला दुसरं कोण होतं? मालकच उभे राहिले, शनिवारी सुट्टी व्हायच्या वेळी, कांडीखात्याच्या दाराशी. बाळंतपणाच्या गोष्टी पन्नास-साठ बायकांना जमिनीकडे बघत समजावून सांगणारा मालक मी दुसरा पाहिला नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागून कुणीतरी तेलुगूत काही विचारलं आणि सगळ्या फुटल्या. मालकही हसले. त्या काय म्हणाल्या ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पण ऐकणं वेगळं आणि विश्वास बसणं वेगळं. पुढच्या वर्षी भूदेवीला आम्ही कायम केलं; काम तिला येतच होतं. बिल्ला नंबर अठ्ठावन्न. त्याच्या पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. एका संध्याकाळी ती खिडकीशी आली, घरी न्यायचा बिल्ला तिने फळीवर ठेवला, पण हात वर उचलला नाही.

“ठिवू अक्का?”

“ठेव.”

“रातभर हितंच राहील?”

“बारा आठवडे इथेच राहील. त्या खिळ्याला. कुणी हात लावणार नाही.”

“आन्‌ यंत्रावर कोन बसंल?”

“बदली बाई बसेल. तिच्या नावावर, तिच्या नंबरवर.”

तिने हात उचलला, तोही बोटाबोटाने. मस्टरमध्ये तिच्या रकान्यात मी पहिल्यांदा लाल शाईने ‘प्रसूती रजा’ लिहिलं. खूण नाही, खाडा नाही. फळीवरचे बाकीचे बिल्ले संध्याकाळी उतरायचे आणि हा एकटा राहायचा. सकाळी आल्या आल्या मी आधी तो बघायचे. कधी दुपारी, उगाच, मध्येच उठूनही. आज मी चार-पाच लहान कारखान्यांची रजिस्टरं सांभाळते, आणि कुठल्याही टाइम ऑफिसात शिरले की आधी खिळ्यांकडे बघते.

त्या बारा आठवड्यांत भूदेवीची सासू, म्हणजे राजव्वाचीही, दर मंगळवारी बाजाराला जायच्या आधी वाट वाकडी करून होटगी रस्त्याला यायची. पाठीत वाकलेली, हातात रिकामी पिशवी. राजव्वा आत यंत्रावर असायची, तिला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण म्हातारी थेट माझ्या खिडकीशी यायची. नंबर तिला वाचता येत नव्हते. गजांतून बोट आत घालून ती वरच्या ओळीपासून खिळे मोजायची, ओठ हलवत, तेलुगूत. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी सांगायला गेले तर हाताने गप्प करायची.

अठ्ठावन्नपाशी बोट थांबायचं.

“हाय की,” ती म्हणायची, मला नव्हे, आणि पिशवी सावरत गेटाकडे निघायची.